रणगाड्याचं मॉडेल: आधी माती ठरवा, मग रंग

रणगाड्याचं प्लॅस्टिक मॉडेल म्हणजे निम्मं काम सुरी-गोंदाचं आणि निम्मं मातीचं. पहिल्या निम्म्यासाठी किटच्या खोक्यात छापील कागद येतो. दुसऱ्या निम्म्यासाठी फारसं काही येत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथे घसरतो. गाडी नीट जोडतो, हिरवा रंगही छान बसतो, आणि मग हौसेपोटी सगळीकडे गंज, सगळीकडे चिखल, सगळीकडे ओरखडे. बघणाऱ्याला कळत नाही की गाडी लढाईतून आली की भंगारवाल्याकडून.

त्यामुळे खोकं फोडायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहून भिंतीला चिकटवा: गाडी कोणती, जागा कोणती, महिना कोणता. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी शेतात सोडलं होतं. उसाच्या त्या ओल्या रानात पाकिस्तानी पॅटन रणगाडे रुतले. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानचे टी-५९ रणगाडे रुतले ते राजस्थानच्या कोरड्या वाळूत. दोन्हीकडे रणगाडे अडकले, पण एकाच्या चाकांत काळपट ओला चिखल आणि दुसऱ्याच्या अंगभर फिकी धूळ. पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे कुठला रंग किती लावायचा आणि कुठे हात आवरायचा, या तीन ओळींवरून ठरतो.

किट कुठलं घ्यावं

रणगाड्यांत सगळ्यात चालणारं प्रमाण १/३५. हा विचित्र आकडा जपानच्या तामिया कंपनीमुळे रूढ झाला. त्यांच्या पहिल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार धरला, तो मोजला तर १/३५ च्या आसपास निघाला आणि पुढे बाकीच्यांनीही तोच उचलला. या प्रमाणात सहा फुटी माणूस साधारण ५२ मिलिमीटरचा होतो. १/७२ मध्ये तोच २५ मिलिमीटरचा. १/७२ स्वस्त पडतं, जागा कमी लागते, पण सुटे भाग इतके बारीक की चिमट्यातून उडालेला हूक फरशीवर पुन्हा सापडत नाही. पहिलं मॉडेल १/३५ चंच करा.

आपल्याकडे बहुतेकांना भारतीय रणगाडाच करायचा असतो, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी माझी शिफारस तामियाचा १/३५ टी-५५, १९७१ च्या युद्धात आपल्याकडे असलेला रणगाडा. भाग एकमेकांत नीट बसतात, संख्या आवाक्यात आहे, आणि चाकं मोठी-मोठी, एका बाजूला पाचच. टी-९० भीष्म दिसायला कितीही रुबाबदार असला तरी त्याच्या टरेटवर (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजावर) चौकोनी ठोकळ्यांची इतकी गर्दी असते की नवशिक्याचा दम तिथेच निघतो. तो तिसरा-चौथा म्हणून ठेवा. सेंचुरियन हाही चांगला पर्याय आहे. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत आपल्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटकडे तेच होते.

टी-५५ भारतीय करायचा असेल तर एक गंमत ध्यानात ठेवा. पाकिस्तानकडे चिनी टी-५९ होते आणि ते मूळ टी-५४ चीच नक्कल. लांबून दोन्ही सारखेच दिसायचे. म्हणून १९७१ मध्ये आपल्या टी-५५ च्या तोफेच्या नळीवर मध्यभागी एक खोटा फुगवटा बसवला होता, आपल्याच माणसांनी आपल्याच रणगाड्यावर गोळा टाकू नये यासाठी. मूळ टी-५५ चा खरा फुगवटा नळीच्या टोकाशी असतो. तुम्हाला फक्त योग्य जाडीची प्लॅस्टिकची नळी कापून मध्ये बसवायची आणि दोन्ही टोकं पुट्टीने उतरती करायची. अर्ध्या तासाचं काम, पण एवढ्यावर मॉडेल भारतीय वाटू लागतं.

किट आपल्या नागपुरात दुकानात मिळेलच याचा भरवसा नाही, बहुतेक जण ऑनलाइनच मागवतात. मागवताना खोक्यावर प्रमाण नीट बघा. चित्र मोठं असलं म्हणजे गाडी मोठी असते असं नाही.

हत्यारं, आणि ती कुठून आणायची

खरं लागतं ते एवढं: सपाट पात्याचा चांगला कटर, टोकदार पात्याची सुरी, चिमटा, ४०० पासून १००० पर्यंतचे पॉलिश पेपर, पातळ प्लॅस्टिक सिमेंट आणि थोडं फेविक्विक. यातला कटर आणि सिमेंट यांच्यात पैसे वाचवू नका. इलेक्ट्रिशियनचा जाड कटर प्लॅस्टिक कापत नाही, चिरडतो, आणि चिरडलेल्या जागी पांढरा डाग राहतो.

बाकी गोष्टी गावातच मिळतात. सीताबर्डीच्या बाजारात कॉस्मेटिकच्या दुकानात नखं घासायचे चारपदरी बफर मिळतात, ते मॉडेलवाल्यांच्या महागड्या सँडिंग स्टिकच्या तोडीस तोड आहेत. पॉलिश पेपर हार्डवेअरमध्ये, पाण्यात चालणाराच मागा. कलासाहित्याच्या दुकानात कॅमलिनच्या ऑइल कलरच्या ट्यूब घ्या: बर्न्ट अंबर, रॉ सिएना, काळा आणि पांढरा. एवढ्या चार ट्यूब कित्येक मॉडेलं पुरतात. रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइनची लहान बाटली. तिथला मालक हमखास विचारतो, "दार रंगवायचं का खिडकी भाऊ?" काहीही सांगा, पण एनसी थिनर घेऊन येऊ नका. ते प्लॅस्टिक विरघळवतं. रॉकेलही नको, तेलकट थर मागे ठेवतं.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) आणि त्याचा कॉम्प्रेसर पहिल्या दोन-तीन मॉडेलांना अजिबात लागत नाही. ब्रशने आणि स्प्रे कॅनने झकास काम होतं. ज्यांनी आधी एअरब्रश घेतला त्यांच्यातले अर्धे त्याची सुई साफ करण्यातच थकून छंद सोडतात, हे माझं स्वच्छ मत.

पहिली पायरी: कापणं आणि खरवडणं

किटचे भाग एका चौकटीला लागून येतात, तिला सगळे स्प्रू म्हणतात. आधी सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

भाग कापताना एका फटक्यात कापू नका. पहिला काप भागापासून लांब, दुसरा जवळ, आणि उरलेला दाणा सुरीने तासून घ्या. सुरी आपल्या बोटाकडे कधीच ओढायची नाही. नंतर प्रत्येक गोल भागावर, विशेषतः तोफेच्या नळीवर आणि चाकांच्या कडेवर, साच्याची बारीक रेघ असते. ती आत्ता दिसत नाही, पण वॉश (खाचा उठवणारा पातळ गडद रंग) लावला की काळी ठसठशीत उठते. पात्याची धार काटकोनात धरून हलक्या हाताने ओढली की निघते. मी तर म्हणेन, नळीवरची रेघ काढायला एक आख्खी संध्याकाळ दिली तरी वाया जात नाही.

पन्नास भाग एकदम कापून ताटात ठेवू नका. नंबर फक्त स्प्रूवर असतात, भागावर नसतात. जी पायरी चालू आहे तेवढेच कापा.

दुसरी पायरी: जोडणी

पातळ सिमेंट हा गोंद नाही. ते दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक किंचित वितळवतं आणि दोन्हीचं एक होऊन जातं. म्हणून भाग आधी कोरडेच जुळवून बघा, हाताने दाबून धरा, आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवा. द्रव आपोआप फटीत पळतो. रंगवलेल्या जागी ते चालत नाही, तिथला रंग आधी खरवडावा लागतो. सिमेंटच्या वाफा डोक्यात जातात, खिडकी उघडी हवी.

टी-५५ मध्ये काळजी फक्त दोन ठिकाणी घ्यायची. पहिली, चाकं. पाचही चाकं जमिनीला टेकली पाहिजेत. हलचा (गाडीच्या मुख्य धडाचा) खालचा भाग जोडला की आरशावर किंवा काचेच्या टेबलावर ठेवा, चाकांचे दांडे बसवा, आणि सिमेंट वाळायच्या आत एका डोळ्याने खालून बघा. एखादा दांडा वर उचललेला असेल तर आत्ताच दाबता येतो, उद्या नाही. आणि पहिल्या-दुसऱ्या चाकांत जी मोठी फट असते ती तशीच सोडा. किटमध्ये चूक नाही, टी-५५ असाच आहे.

दुसरी, ट्रॅक. आपल्याकडे कोणी साखळी म्हणतं, कोणी पट्टा. टी-५५ ला वरच्या बाजूला पट्टा उचलून धरणारे छोटे रोलर नसतात, त्यामुळे पट्टा चाकांवर लोंबकळत टेकतो. किटमध्ये रबरासारखा सलग पट्टा असेल तर तो ताठ राहतो आणि मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. चाकं आणि पट्टा वेगवेगळे रंगवून घ्या, पट्टा चढवा, आणि प्रत्येक चाकाच्या डोक्यावर फेविक्विकचा बारीक ठिपका देऊन पट्टा खाली दाबा. फेंडर (पट्ट्यावरचा आडवा पत्रा) आणि पट्ट्याच्या मध्ये स्पंजचे तुकडे कोंबून तासभर ठेवले की झोळ कायम राहतो.

टरेट ओतीव पोलादाचं असतं, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. द्रव पुट्टी जुन्या राठ ब्रशने ठोकत ठोकत लावा, वाळल्यावर ६०० च्या पेपरने किंचित शांत करा. जास्त खडबडीत झालं तर मनुका चिकटवल्यासारखं वाटतं, म्हणून पुन्हा घासायला तयार राहा.

वायरलेसची काडी फुकटात करता येते. रिकाम्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरा. मऊ पडला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढा. हळू ओढलं तर जाड, झपकन ओढलं तर केसासारखी. ही काडी सगळ्यात शेवटी लावायची, नाहीतर रंगवताना पाच वेळा मोडते.

तिसरी पायरी: रंग, आणि नागपूरची हवा

इथे आपल्या गावाचा विचार करावाच लागतो. परदेशातल्या सूचना वाचून नवतप्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारायला जाल तर रंग मॉडेलवर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि वर पोचते ती भुकटी. हात फिरवला की खरखरीत लागतं. पारा ४५ च्या पलीकडे असताना सकाळी सहा-सातच्या सुमारास मारा, कॅन जरा जवळून धरा, आणि एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ द्या. कॅन उन्हात ठेवायचा नाही. मॉडेलही बंद कारमध्ये ठेवून बाजारात जाऊ नका, पातळ फेंडर वाकतात.

कूलर चालू असताना रंगकाम नको. त्याची हवा ओली असते आणि ताट्यांतली धूळ-काडी थेट ओल्या रंगावर येऊन बसते. पंखाही बंद. घाम पुसत काम करायचं, दुसरा इलाज नाही.

पावसाळ्यात उलटा त्रास. पोळा-मारबतीच्या दिवसांत हवेत ओल इतकी असते की मॅट वार्निशचा स्प्रे मारला की गाडीवर पांढुरकं सावट येतं. तेव्हा जोडणी आणि ब्रशकाम करा, स्प्रे दिवाळीपर्यंत राखून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात रंगकामाचा खरा हंगाम.

ब्रशने अॅक्रिलिक लावणार असाल तर उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच चामडं होतो. बसक्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, असं केलं की रंग दिवसभर ओला राहतो. रंगात रिटार्डरचा (रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंबही टाकता येतो. मऊ चपटा ब्रश, पातळ रंग, एका दिशेने हात. पहिला थर भयंकर दिसतो, घाबरू नका. दुसऱ्याला सावरतो, तिसऱ्याला बसतो.

क्रम असा: राखाडी प्रायमर, मग हिरवा. डबीतला गडद हिरवा जसाच्या तसा लावला तर छोट्या गाडीवर काळा वाटतो. त्यात थोडा वाळूचा रंग मिसळा. पांढरा नको, पांढऱ्याने हिरवा खडूसारखा होतो. आडव्या पृष्ठभागांसाठी, म्हणजे टरेटचं डोकं, इंजिनाचं झाकण, फेंडर, तोच रंग अजून एक छटा फिका करा. ऊन तिथेच पडतं.

मग ग्लॉस वार्निश आणि त्यावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा. खडबडीत मॅटवर डिकल लावलं की खाली हवा अडकून चंदेरी चमक दिसते. भारतीय खुणा किटमध्ये बहुधा नसतात, त्या हाताने रंगवाव्या लागतात. आपल्या लष्करी गाड्यांच्या क्रमांकाला सुरुवातीला वर टोक असलेला बाण असतो, त्यामागे खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे. तेवढा बाण नीट जमला तरी मॉडेलवर शिक्का बसतो.

चौथी पायरी: बघायला बाहेर पडा

वेदरिंगचा, म्हणजे गाडी वापरलेली दिसावी यासाठीचा, ब्रश हातात घ्यायच्या आधी एक दिवस नुसतं बघण्यात घालवा. कामठी रोडला लष्कराच्या गाड्या दिसतात, पण तिथे मोबाईल काढून फोटो घ्यायच्या भानगडीत पडू नका. छावणी परिसर आहे. आपल्याला लागणारं सगळं जेसीबीवर आहे.

पावसाळ्यात कुठल्याही नव्या लेआउटवर पिवळा जेसीबी उभा असतो. जवळ जाऊन त्याची चाकं आणि बकेटचा दांडा बघा. आपली काळी माती ओली असताना जवळजवळ कोळशासारखी, आणि वाळली की राखेसारखी करडी. वाळते ती कडेकडून आत, त्यामुळे प्रत्येक थापेला फिकी किनार आणि मध्ये गडद ठिपका असतो. जिथून खपली पडलीय तिथे डाग उरतो. खाली कालचा वाळलेला चिखल, वर आजचा ओला. एकाच रंगाचा एकच थर कुठेच नाही. आता रंग कुठे उडालाय ते बघा: ड्रायव्हर पाय ठेवतो ती पायरी, दाराची मूठ, बकेटचे दात. बाजूचा सपाट पत्रा कितीही जुना असला तरी तिथला रंग शाबूत असतो, फक्त उन्हाने पांढुरका पडलेला. रणगाड्याचंही तंतोतंत हेच. माणसं चढतात-उतरतात तिथे रंग जातो, म्हणजे हॅचच्या (आत उतरायच्या झाकणाच्या) कडा, ड्रायव्हरच्या समोरचा भाग, फेंडरची टोकं. टरेटच्या बाजूला कोणी पाय ठेवत नाही.

खरे रणगाडे बघायचे तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरहून थेट तिथे जाते. चाकं, नट, वेल्डिंगचे सांधे, ओतीव पोलादाचा पोत यांच्यासाठी ही वारी करावीच. रंगासाठी मात्र तिथल्या गाड्यांवर विसंबू नका. प्रदर्शनातल्या गाड्यांना दर काही वर्षांनी नवा हात मारतात, आणि तो त्या काळच्या रंगाशी जुळेलच असं नाही.

पाचवी पायरी: ओरखडे, वॉश, ओघळ

ओरखड्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा बोराएवढा तुकडा चिमट्यात धरा, गडद तपकिरी अॅक्रिलिकमध्ये बुडवा, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि उरलेला कडांवर टेकवा. चंदेरी रंग वापरायचा नाही. पोलाद उघडं पडलं की लगेच काळपट तपकिरी होतं, चमकत नाही. आणि हातात असलेला तुकडा संपेपर्यंत टेकवत बसायचं नाही. पुरे वाटलं त्याच्या जरा आधी थांबा, कारण वॉश लावल्यावर सगळे ओरखडे दुप्पट उठून दिसतात.

वॉशच्या तयारीला एक बारकी युक्ती आहे. ऑइल कलर ट्यूबमधून थेट पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढा आणि अर्धा-एक तास सोडा. पुठ्ठा तेल शोषून घेतो, रंगाभोवती तेलकट वर्तुळ दिसायला लागतं. उरलेला रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. त्यातला बर्न्ट अंबर आणि चिमूटभर काळा टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा. बारीक ब्रशने तो फक्त खाचांत आणि नट-बोल्टच्या मुळाशी टेकवा. केशाकर्षणाने तो स्वतःच रेषेत धावतो. सांडलेला वीस मिनिटांनी स्वच्छ टर्पेंटाइनच्या जवळजवळ कोरड्या ब्रशने पुसा. आख्खी गाडी वॉशमध्ये न्हाऊ घालायची पद्धत जुनी आहे, त्याने रंग मळकट होतो. शिवाय टर्पेंटाइन आतल्या उघड्या प्लॅस्टिकवर साचलं तर सांधे तडकतात. आधी रिकाम्या स्प्रूवर रंग-वार्निश लावून टर्पेंटाइनची चाचणी घ्या, वार्निश सुटतंय का बघा.

आता मॅट वार्निश, आणि त्यावर ओघळ. उभ्या पत्र्यावर ऑइल कलरचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके द्या, काही फिके, काही गडद, आणि टर्पेंटाइनने किंचित ओल्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढत राहा. बहुतेक रंग निघून जाईल, सावली उरेल. तेवढीच हवी.

गंजाबद्दल माझा हट्ट आहे. चालू सैन्यातला रणगाडा गंजत नाही. लोक त्याला रंग देतात, तेल देतात, दररोज पुसतात. गंज फक्त तीन ठिकाणी: एक्झॉस्ट, गाडी ओढायचा पोलादी दोर आणि ट्रॅक. टी-५५ चा एक्झॉस्ट डाव्या फेंडरवर मागच्या बाजूला असतो. त्यात डिझेल सोडून धुराचा पडदा करायची सोय असते, त्यामुळे तिथून मागे काजळी आणि तेलाचे डाग भरपूर असू द्या. हाच एक कोपरा जिथे मोकळा हात चालतो. ट्रॅक गडद तपकिरी रंगवा आणि जमिनीला लागणाऱ्या उंचवट्यांवर ६बी पेन्सिलचं शिसं बोटाने घासा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला चाकांचं रबर ज्या पट्टीत फिरतं ती पट्टी घासून गुळगुळीत झालेली असते, तिथेही थोडं शिसं. हे झाकलेलं राहतं, पण कोणी मॉडेल उलटं करून बघितलं तर बघतच राहतं.

सहावी पायरी: धूळ आणि चिखल

सगळ्यांना वाटतं आपल्या अंगणातली माती चाळून लावली की झालं. होत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण १/३५ मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा खडा होतो. चाळणीतून गेलेली मातीसुद्धा गाडीवर गिट्टीसारखी दिसते. रांगोळी तर त्याहून जाड.

त्याऐवजी किराणा आणि पूजासाहित्याच्या दुकानात जा. मुलतानी माती अतिशय बारीक असते आणि रंगाने राजस्थानच्या धुळीच्या जवळ. गेरू गंजासाठी आणि तांबड्या मातीसाठी. आपली काळी माती करायची तर काळा आणि तपकिरी सॉफ्ट पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा आणि त्यात मुलतानी मिसळा. नाकाला मास्क लावा, या भुकट्या छातीत गेलेल्या बऱ्या नव्हेत. मलमलच्या दुहेरी फडक्यातून एकदा गाळा.

धुळीसाठी: कोरड्या ब्रशने भुकटी आडव्या पृष्ठभागांच्या कोपऱ्यांत सोडा, जिथे ती खरोखर साचेल. मग ड्रॉपरने टर्पेंटाइनचा थेंब बाजूला सोडा, थेट वर नाही. तो पसरत जाऊन भुकटी जागच्या जागी बसवतो. ओली असताना धूळ नाहीशी झाल्यासारखी वाटते. अजून टाकू नका. वाळली की परत येते, आणि दुसऱ्यांदा टाकली असेल तर दुप्पट येते. मधल्या पृष्ठभागावरची जास्तीची धूळ कापसाच्या काडीने पुसून खालचा हिरवा दिसू द्या. हिरवा दिसला तरच धूळ धूळ वाटते.

चिखलासाठी: प्लास्टर ऑफ पॅरिस, भुकटी आणि पाण्यात पातळ केलेलं पांढरं फेविकॉल. दह्याइतकं घट्ट. जुन्या टूथब्रशवर घेऊन दाते काडीने मागे ओढून सोडा, शिंतोडे उडतात. आधी कागदावर सराव करा आणि टरेट झाकून ठेवा. पहिला थर फिका, वाळलेला. तो खालच्या हलवर आणि चाकांच्या मधल्या जागेत. दुसरा गडद, कमी जागेत, फक्त चाकांच्या कडेला आणि ट्रॅकच्या खोबणीत. सगळ्यात शेवटी दोन-चार ठिकाणी ग्लॉस वार्निश, म्हणजे ओल. असल उत्तर करत असाल तर ही ओल चाकांच्या वरपर्यंत येऊ शकते. लोंगेवाला असेल तर चिखल आणि ओल ही पायरी सोडूनच द्या, धुळीवरच थांबा, आणि पोटातल्या कोपऱ्यांत वाळूचा थर जरा दाट करा. भिंतीवरचा कागद इथे पुन्हा वाचायचा.

धूळ-चिखल झाल्यावर आख्ख्या गाडीवर वरून वार्निश मारू नका. भुकटीचा सगळा फिकेपणा त्यात मरतो. म्हणून पकडायची जागा आधीच ठरवून ठेवा, आणि पुढे मॉडेल फक्त हलच्या खालून उचला.

आता वायरलेसची काडी लावा, दोर अडकवा, हॅच उघडी ठेवायची असेल तर ठेवा. आणि लगेच झाका. वैशाखात आपल्याकडे घरात येणारी धूळ मॉडेलवरच्या तुमच्या धुळीला गिळून टाकते, आणि ती पुसायला गेलात की तुमचीही निघते. काचवाल्याकडून मापाने पाच बाजूंचा डबा करून घ्या. माप देताना नळीची लांबी धरायला विसरू नका, नुसत्या हलचं माप दिलं तर डबा परत करावा लागेल, आणि उंची काडीच्या टोकापेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त सांगा.